मुलींना सभागृहात, मुलग्यांना मैदानावर

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन आरोपीच्या प्रकरणात एक मत नोंदवले. त्या राज्यात लैंगिक शिक्षण नववी ते बारावीच्या इयत्तांत दिले जाते, असे तेथील शासनाने न्यायालयास सांगितले होते. हे शिक्षण नववीपासून नव्हे, तर त्याहून लहान वयापासून मिळावयास हवे, असे न्यायमूर्तींनी त्यावर म्हटले. दोन-चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. आपल्याकडे या विषयाची वाट नेहमी अशीच असते. एखादी अघटित घटना घडते, आपण हळहळतो, शाळेने काहीतरी करावे असे म्हणतो आणि शाळा काही करू लागली की तिच्या दारात जाऊन उभे राहतो.

या विषयाकडे वळण्याचे आमचे कारण मात्र न्यायालय नव्हे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आमच्याकडे होती. दर वर्षी पावसाळ्यात, शाळा स्थिरस्थावर झाली की एक डॉक्टर भगिनी येत. सहावी-सातवीच्या मुलींना सभागृहात नेले जाई, खिडक्या लावून घेतल्या जात. त्याच वेळी मुलग्यांच्या हाती फुटबॉल देऊन त्यांना मैदानावर धाडले जाई. तासाभराने मुली वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके दप्तरात दडवीत, माना खाली घालून बाहेर पडत. मैदानावरची मुले तोवर खिडकीच्या फटींशी येऊन उभी राहिलेली असत. एकदा एका मुलाने खेळाच्या शिक्षकांना सरळ विचारले, "सर, त्यांना आत काय दिलं?" सर म्हणाले, "तुला काय करायचंय? जा, खेळ जा." सर वाईट नव्हते. त्या वयात त्यांनाही कोणी हेच उत्तर दिले असणार. आणि या सगळ्या व्यवस्थेच्या कागदावर दर वर्षी आमची सही असे.

पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानी आले की त्या दिवशी शाळेत एक नव्हे, दोन वर्ग भरत होते. सभागृहात शरीराची माहिती दिली जाई, आणि ती चांगलीच दिली जाई. दुसरा वर्ग मैदानावर आणि सभागृहाच्या दारात आपोआप भरे. मुलीचे शरीर ही लपविण्याची बाब आहे, मुलग्याला त्याविषयी जाणून घेण्याचे कारण नाही, आणि त्याच्या स्वतःच्या शरीरात जे घडते आहे त्याविषयी तर कोणी बोलणारच नाही, हे त्या वर्गात शिकविले जाई. पहिल्या वर्गातील धडा मुली कदाचित विसरल्या असतील. दुसऱ्यातील धडा कोणी विसरले असेल असे आम्हास वाटत नाही.

लैंगिक आरोग्यशिक्षणाची चर्चा आपल्याकडे होते ती माहिती द्यावी की न द्यावी, याच एका मुद्द्यावर. आमचा अनुभव असा की अकरा-बारा वर्षांच्या मुलाला माहितीच्या अभावाहून अधिक छळतो तो वर्गातील अलिखित कायदा. मुलगा कसा असतो, मुलगी कशी असते, कोण कोणाशी बोलतो, बोलला तर त्याला काय म्हणतात, हे सारे त्या कायद्यात ठरलेले असते. तो कोणी लिहिलेला नसतो, पण वर्गातील प्रत्येकाला पाठ असतो.

उन्हाळी सुटीतील धर्मशिक्षण शिबिरात आम्ही एकदा प्रश्नपेटी ठेवली होती. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम. (पापनिवेदनाच्या जागी जे ऐकले ते तेथेच राहते, येथे त्यातील अक्षरही येणार नाही. हे शिबिराचे आहे.) शरीररचनेचे प्रश्न येतील म्हणून आम्ही पुस्तके चाळून सज्ज होतो. ते प्रश्न थोडेच निघाले. बहुतेक मुलग्यांच्या चिठ्ठ्या निराळ्याच होत्या. एकाचा आवाज अजून फुटला नव्हता, म्हणून मित्र त्याला बायल्या म्हणत. एकाला घरी आईला भांडी घासू लागण्याची सवय होती, हे वर्गात कोणाला कळू नये म्हणून तो धडपडत होता. एकाने लिहिले होते की सगळी मुले मोबाईलवर 'तसले' पाहतात, आपण पाहिले नाही हे सांगितले तर आपण लहान ठरू, म्हणून पाहिले असे तो खोटे सांगतो. मुलींच्या चिठ्ठ्यांत पाळीचे प्रश्न होतेच. पण शेजारच्या मुलाशी लहानपणापासून खेळत होते, आता बोलले तर सगळे चिडवतात, मी काय चूक केली, हा प्रश्न तीन-चार चिठ्ठ्यांत तरी होता.

'सगळी मुले पाहतात' असे लिहिणाऱ्या त्या मुलाचा विचार आमच्या मनातून बरेच दिवस गेला नाही. त्याच पेटीत, त्याच वयाच्या आणखी दोघांनी आपल्याला हे सारे किळसवाणे वाटते असे लिहिले होते. तिघे एकाच बाकावर बसत असतील, कोण जाणे. आपण सोडून इतर सगळे जाणते आहेत, धीट आहेत, अनुभवी आहेत, असे प्रत्येकाला वाटते आणि प्रत्येक जण त्या नसलेल्या 'सगळ्यां'च्या बरोबरीने धावतो. समवयस्कांचा दबाव म्हणतात तो बहुधा असाच असतो. कोणी कोणाच्या पाठीत धपाटा घालून जबरदस्ती करीत नाही.

आपली भाषाही या बाबतीत मुलांना सोडत नाही. वयात येणाऱ्या मुलग्याला झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनाला मराठीत शब्द आहे 'स्वप्नदोष'. निसर्गाने घडविलेली, कोणाच्याही आरोग्यास बाधा न आणणारी गोष्ट, आणि तिच्या नावातच दोष! बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तो शब्द कोठे वाचावा, तर एसटी स्थानकाच्या बाहेर भिंतीवर, गुप्तरोगावर हमखास इलाज करणाऱ्यांच्या जाहिरातीत. मुलीच्या वाट्याला विटाळ, अडचण, बाजूला बसणे, कावळा शिवणे हे शब्द येतात. सोलापूरकडे मुलगी 'शहाणी झाली' असे म्हणतात. शब्द ऐकायला गोड आहे. पण शहाणी झालेल्या मुलीला त्या दिवसापासून सायकलवरून लांब जाता येत नाही, अंधार पडल्यावर शिकवणीला जाता येत नाही आणि पाहुणे आले की तिच्या उंचीकडे पाहिले जाते. मुलाला मिसरूड फुटले की त्याचा घरी येण्याचा वेळ मात्र लांबत जातो.

हे आमच्या जिल्ह्यापुरतेच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी २०१४ च्या सुमारास कोवळ्या किशोरवयीनांचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. दहा ते चौदा वयाची मुले व त्यांचे पालक यांच्याशी पाच खंडांतील पंधरा देशांत बोलून माहिती जमविली गेली. त्यांत आपल्या दिल्लीतील मुले होती, तशी श्रीमंत देशांतील शहरांतलीही होती. २०१७ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुली दुबळ्या आणि जपण्याच्या, मुलगे बळकट आणि मोकळे, ही समजूत दहा-अकराव्या वर्षीच मुलांच्या मनात पक्की बसलेली आढळली, आणि ती जवळजवळ सर्वत्र आढळली. वयात येताच मुलींचे जग आक्रसते आणि मुलग्यांचे विस्तारते, हेही त्या अभ्यासात नोंदले आहे. अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखविली, ती आपण सहसा ध्यानात घेत नाही. या समजुतीची किंमत मुलगेही मोजतात. मारामाऱ्या, व्यसने, धोका पत्करणे, दुखले तरी न सांगणे, हे सारे मर्दपणाच्या हिशेबात येते.

हा हिशेब सोलापुरात कोठवर जातो ते पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांना लग्नाच्या वेळचे वय विचारण्यात आले. अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाले. सोलापूर जिल्ह्यात ते ४०.३ टक्के होते. परभणी, बीड आणि धुळे यांच्या पंक्तीला आपला जिल्हा बसला. चादरींचा, टॉवेलांचा, साखर कारखान्यांचा हा जिल्हा काही आडरानात नाही. शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, स्वतंत्र विद्यापीठ आहे.

कारणे पुष्कळ आहेत, ती एकट्या समजुतीवर ढकलणे अन्यायाचे होईल. दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. आई-बाप सहा महिने फडात असताना मोठी मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती खोटी नाही. शहरात विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या घरी आईचा हात कामात गुंतलेला असतो, तेव्हा घरचे सारे बारा वर्षांच्या मुलीवर येते. पण या आर्थिक कारणांच्या बुडाशीही तीच समजूत आहे. मुलगी वयात आली म्हणजे धोका घरात आला, आणि धोका टळावा म्हणून तिला दुसऱ्याच्या घरी पोचवावे. धोका ज्याच्याकडून आहे त्या मुलग्याला काही शिकवावे, हा विचार या सगळ्या गणितात कोठेच येत नाही.

आपल्या कुटुंबांत बालविवाह होत नाहीत, असे काही वाचक म्हणतील. वयाचा दाखला पाहिल्याविना आम्ही विवाहाच्या घोषणा करीत नाही, हे खरे आहे. तरीही धर्मग्रामाच्या क्रीडास्पर्धेत सातवीपर्यंत धावणाऱ्या मुली आठवीत का दिसत नाहीत, हे आम्ही दोन-तीन घरी विचारले. "फादर, आता ती मोठी झाली ना" हे एकच उत्तर मिळाले.

महाराष्ट्रात याविषयी काही झालेच नाही, असे नाही. शंभर वर्षांपूर्वी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालविले. अश्लीलतेच्या खटल्यांत ते ओढले गेले, त्यांतील एका खटल्यात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याआधी १९२५ साली मुंबईतील एका मिशनरी महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी त्यांना आपल्या मतांपायी सोडावी लागली होती. संततिनियमनाबाबत त्यांचे आणि ख्रिस्तसभेचे मत जुळणारे नाही. तरी प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसविण्याची घाई आपल्याही संस्थांनी केली, ही नोंद ठेवावी लागेल. कर्व्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, आगरकरांनी स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा निबंध लिहिला. त्यातील 'एकच' आपण बऱ्याच अंशी स्वीकारले. या एका विषयापुरते 'एकत्र' अजून दाराबाहेर आहे.

अलीकडचा अध्याय २००७ चा. केंद्र शासनाने शाळांसाठी आखलेल्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमातील चित्रांवर महाराष्ट्राच्या विधिमंडळात सर्वपक्षीय सदस्यांनी आक्षेप घेतला आणि राज्य शासनाने तो कार्यक्रम थांबविला. अन्य काही राज्यांनीही तेच केले. २००९ साली व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नको, असा अहवाल दिला. त्या साहित्यातील काही भाग आम्हासही रुचण्यासारखा नव्हता. वयाचा विचार न करता साधनांची माहिती पुढे ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे, हे आमचे मत आजही कायम आहे. पण साहित्य सुधारावयाचे की दार लावावयाचे, यांत आपण दार लावणे पसंत केले. त्याच सुमारास, २००६-०७ मध्ये, महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी झाली. पंधरा ते चोवीस वयाच्या तरुण-तरुणींपैकी कोणतेही कुटुंबजीवनविषयक वा लैंगिक शिक्षण मिळालेले अवघे १५ टक्क्यांच्या आसपास निघाले. ते मिळावे असे मात्र चौघांपैकी तिघांहून अधिकांना वाटत होते.

दार लावून झाले त्यानंतर काय घडले ते आपण पाहतोच. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली. घरात एकच मोबाईल असेल तर तो बहुधा मुलग्याच्या हाती गेला, आणि शाळा पुन्हा उघडल्यावर तो परत घेण्याचे कोणाला सुचले नाही. जे चित्र विधिमंडळात असभ्य ठरले होते, त्याच्या शतपट असभ्य गोष्टी आज सातवीतल्या मुलाच्या खिशात आहेत. त्या गोष्टी त्याला स्त्रीविषयी काय शिकवितात, हे वेगळे सांगावयास नको. शाळेच्या पाठ्यपुस्तकात मानवी प्रजननाचा सविस्तर धडा येतो तो दहावीत, विज्ञान व तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात. तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा असतो. अनेक शिक्षक 'हा भाग घरी वाचून या' म्हणून पुढे सरकतात.

मग करावे काय? येथे सुदैवाने अंदाजाने बोलण्याची गरज नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरच्या बावीस लैंगिक शिक्षण कार्यक्रमांचा हिशेब मांडला गेला. मुलगा-मुलगी यांविषयीच्या ठोकळेबाज कल्पना आणि त्यांच्यातील अधिकाराची विषमता यांवर ज्या दहा कार्यक्रमांनी मुलांना विचार करावयास लावले, त्यांतील आठ कार्यक्रमांनी नको असलेले गर्भारपण किंवा लैंगिक संसर्ग प्रत्यक्ष कमी करून दाखविले. ज्या बारांनी तो विषय टाळून केवळ माहिती दिली, त्यांतील दोघांनाच ते साधले. शरीरशास्त्राचा तक्ता कितीही सुबक असला तरी वर्गातील अलिखित कायदा तो बदलू शकत नाही, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

आपल्या राज्यातील उदाहरण त्याहून बोलके आहे. २००८ साली मुंबई महानगरपालिकेच्या पंचेचाळीस शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी एक प्रयोग सुरू झाला. स्त्रियांविषयी संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था, चेंबूरची कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी तो मिळून केला. पंधरा शाळांत वर्गातील चर्चा आणि शाळाभर मोहीम, पंधरांत केवळ मोहीम, आणि उरलेल्या पंधरांत, तुलनेसाठी, काहीच नाही. घरातील कामे कोणाची, राग आला की काय करायचे, शरीर बदलते म्हणजे काय, असे विषय खेळ व गोष्टींच्या आधारे घेतले गेले. जेथे वर्गात बसून चर्चा झाली तेथील मुलांच्या विचारांत ठळक फरक पडला. केवळ भित्तिपत्रके आणि मोहीम यांनी तितके साधले नाही. मारामारी व हिंसेच्या प्रत्यक्ष वागण्यात मात्र चित्र सरळ नव्हते. विचार बदलला म्हणून हात लगेच थांबतो असे नाही. हा कार्यक्रम पुढे राज्यातील शासकीय शाळांच्या शिक्षक-प्रशिक्षणात घेतला गेला. विधिमंडळाने ज्या शब्दाला दार लावले होते, तो शब्द न उच्चारता त्यातील अर्धे काम शाळेत पुन्हा आत आले, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे.

हरियाणात याहून मोठा प्रयोग झाला. तीनशे चौदा शासकीय शाळांची पाहणी, सातवी-आठवीपासून अडीच वर्षे वर्गचर्चा. मुलामुलींचे विचार बदलले आणि दोन वर्षांनंतरही ते टिकून राहिले. मुलगे घरकामात अधिक हात लावू लागले. मुलींच्या वागण्यात मात्र तेवढा फरक दिसला नाही. कारण उघड आहे. मुलग्याने झाडू उचलायचे ठरविले तर तो उचलू शकतो. मुलीने पुढे शिकायचे किंवा एकटीने बाहेर जायचे ठरविले तरी परवानगी वडिलांच्या हाती असते. शाळेतील प्रयोगाची मर्यादा तेथे आहे, आणि तेथून पुढचे काम कुटुंबाचे व धर्मग्रामाचे आहे, असे आम्हास वाटते.

पुष्कळ भाविकांच्या मनात येथे एक शंका येईल, आणि ती आमच्या मनातही होती. मुलगा-मुलगी यांच्या भूमिकांची चर्चा म्हणजे ख्रिस्तसभा ज्यास विरोध करते ती लिंगभावाची विचारसरणी तर नव्हे? २०१९ साली रोममधील शिक्षणविषयक धर्मविभागाने आणि २०२४ साली मानवी प्रतिष्ठेवरील घोषणापत्राने त्या विचारसरणीबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे, तो आम्हास मान्य आहे. पण स्त्री आणि पुरुष हा देवाने निर्मिलेला भेद पुसून टाकणे ही एक गोष्ट, आणि भांडी घासणारा मुलगा मुलगा राहत नाही असे मानणे ही अगदी दुसरी. परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'प्रेमाचा आनंद' या प्रबोधनपत्रात लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट शब्दांत मांडताना हाच फरक केला आहे. पुरुषपण व स्त्रीपण हे घट्ट साचे नव्हेत; घरकाम केल्याने किंवा मुले सांभाळल्याने पतीचे पुरुषपण कमी होत नाही; कला, नृत्य मुलग्याला शोभत नाही किंवा नेतृत्व मुलीला शोभत नाही अशा अतिरेकी कल्पना मुलांच्या वाढीस अपाय करतात, असे त्यांनी तेथे सांगितले आहे. केवळ 'सुरक्षितते'च्या साधनांवर भर देणाऱ्या शिक्षणाचे दोषही त्यांनी त्याच प्रकरणात दाखविले आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने तर १९६५ सालीच, मुलांना वयानुरूप, विधायक आणि सुजाण लैंगिक शिक्षण मिळावे असे म्हटले होते. भारतातील बिशपांच्या परिषदेने २०१० साली स्त्री-पुरुष समानतेविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. कागद आपल्याकडे कमी नाहीत. आपल्या शाळांपैकी किती शाळांत ते कपाटाबाहेर आले आहेत, हे विचारू नये हे बरे.

हे शिक्षण देण्याचा पहिला हक्क आणि कर्तव्य आई-वडिलांचे, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात बजावले आहे. शाळेत काही होऊ नये म्हणून हे वाक्य पुष्कळदा पुढे केले जाते. त्याच वाक्याने आई-वडिलांवर जबाबदारी पडते, ती मात्र सोयीने विसरली जाते. आई मुलीला दोन गोष्टी सांगते, बहुतेक वेळा पाळी आल्यानंतर, घाईघाईत, आणि त्यांतली एक 'कोणाला सांगू नको' ही असते. वडील मुलग्याशी बोलतात का, हे आम्ही पालकसभेत विचारले तेव्हा एक जण म्हणाला, "फादर, आमच्याशी कोण बोललं होतं? आम्ही वाया गेलो का?" सभेत हशा पिकला. हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरील एक आई उभी राहून म्हणाली, "वाया नाही गेलात, पण आमच्याशी बोलायला तुम्हाला पंधरा वर्षं लागली." त्यावर मात्र कोणी हसले नाही.

शासनाची सोय आजही आहे. आयुष्मान भारत योजनेतील २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील एक शिक्षक व एक शिक्षिका यांना या कामासाठी तयार करावे असे आहे, आणि अकरा विषयांत वयात येणे व स्त्री-पुरुष समानता हे दोन्ही आहेत. एक शिक्षक आणि एक शिक्षिका, ही योजना आम्हास फार मोलाची वाटते. पाळीविषयी एक पुरुष शिक्षक गंभीरपणे, न हसता बोलतो, हे मुलग्यांनी पाहणे म्हणजेच अर्धा पाठ होय. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगाव मुलामुलींमधूनच 'साथी' निवडण्याची पद्धत आहे. समवयस्कांचा कायदा समवयस्कच बदलू शकतील, हा विचार योग्य आहे. मात्र त्यात एक मेख आहे. वर्गातील सर्वांत धीट, सर्वांचा लाडका मुलगा निवडला आणि तोच दुसऱ्याला बायल्या म्हणणारा निघाला, तर कायदा अधिकच बळकट होतो. निवड करणाऱ्याने मधल्या सुटीत मैदानावर उभे राहून मुलांकडे पाहावे, गुणपत्रिकेकडे नव्हे.

मुलांना नेहमीच एकत्र बसवावे, असा आमचा आग्रह नाही. काही प्रश्न मुली मुलींतच विचारतील, मुलगेही तसेच, आणि तो संकोच मानाने राखावा. आमचे म्हणणे इतकेच की पाळीचा धडा मुलग्यांनाही मिळावा, मुलग्यांच्या शरीराचा धडा प्रथम मुलग्यांना तरी मिळावा, आणि एकमेकांशी कसे वागायचे हा धडा दोघांनी एकाच खोलीत बसून घ्यावा. तो सहावीत घ्यावा. आठवीत फार उशीर होतो. बदलापूरच्या शाळेतील २०२४ च्या घटनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाने मुलग्यांना शिकविण्याची गरज बोलून दाखविली, तेव्हा सर्वांनी माना डोलावल्या. आमच्या माहितीतील शाळांत त्यानंतर कॅमेरे बसले, फाटकावर पहारेकरी आला. मुलग्यांचा तास वेळापत्रकात आला की नाही, हे पालकांनी जाऊन विचारावे.

आमच्यापुरते सांगावयाचे तर दृढीकरणाच्या तयारीच्या वर्गात यंदापासून चार रविवार या विषयासाठी राखून ठेवले आहेत. दोन धर्मभगिनी, एक डॉक्टर दांपत्य आणि शाळेतील एक शिक्षक शिकवतील. पहिल्या रविवारी मुले नसतील, फक्त पालक असतील. गेल्या वर्षी अशाच एका बैठकीस चाळीसएक माता आल्या होत्या आणि पिते सहा. चौकशी केली तेव्हा बहुतेकांनी कामाची पाळी असल्याचे सांगितले. म्हणून या वेळी बैठक सकाळच्या मिस्सानंतर लगेच ठेवली आहे, आणि बोलावणे आईच्या नव्हे, वडिलांच्या नावाने पाठविले आहे.